पीटर रेहडा आणि योव्हिलची बग्गी

अमृतसरहून तरनतारनकडे जाताना एकदा रस्त्यात एक गाडी दिसली. गाडी म्हणायची म्हणून. पुढे विहिरीवर असतं तसलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स, स्टिअरिंगही बहुधा त्याच जीपचं, आणि मागे फळ्या ठोकून केलेला हौदा. हौद्यात चाऱ्याचे भारे आणि भाऱ्यांवर दहा-बारा माणसं. पुक-पुक-पुक करत ती चालली होती आणि तिच्यामागे आमची टॅक्सी. पुढे चहाच्या टपरीवर दोघंही थांबलो, तेव्हा मी चालकाला विचारलं, ह्याला म्हणतात काय? "पीटर रेहडा," तो म्हणाला. ब्रेक कुठाय विचारल्यावर त्याने बसायच्या फळीखालून एक लाकडी ठोकळा काढला, तो चाकाला कसा लावायचा ते हाताने करून दाखवलं, आणि चहा प्यायला बसला.

रेहडा म्हणजे छकडा. पण हा पीटर कोण? मला आधी वाटलं, कुणी पाद्रीबाबा असणार. तसं नाही. डिझेल पंपाच्या बाजारात अजूनही 'लिस्टर टाइप' आणि 'पीटर टाइप' असे दोन प्रकार बोलले जातात. दोन्ही इंग्लंडमधली आडनावं. पीटर म्हणजे पेटर, सॉमरसेट परगण्यातल्या योव्हिल गावचं एक कारागीर घराणं. त्यांच्या इंजिनाच्या नकला आपल्याकडे इतक्या झाल्या, की मूळ नाव घासून घासून पीटर झालं, आणि इंजिन विहिरीवरून उचलून छकड्यावर बसवलं तेव्हा नावही छकड्यावर जाऊन बसलं.

यातली खरी गंमत पुढेच आहे. या पेटर मंडळींनी १८९५ साली स्वतः जी पहिली मोटार बनवली, तीही नेमकी अशीच होती. घोड्याची बग्गी घेतली, घोडा सोडला, आणि तिला तेलावर चालणारं इंजिन जोडलं. पंजाबातल्या मिस्त्र्यांनी शंभर वर्षांनी, काही माहीत नसताना, त्याच घराण्याचं नाव लावून त्याच घराण्याचा पहिला प्रयोग पुन्हा केला होता. फरक एवढाच, की योव्हिलच्या त्या बग्गीपासून निघालेली वाट पुढे लढाऊ विमानापर्यंत गेली आणि आपला रेहडा लाकडी ठोकळ्यापाशीच राहिला.

का राहिला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण अशा गाड्यांचं करायचं काय, ही चर्चा आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी नव्याने सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, की जुगाड, म्हणजे अशी जोडून-जुळवून केलेली गाडी, हे मोटार वाहनच आहे, त्याला मोटार वाहन कायदा लागू होतो, नोंदणी आणि विम्याशिवाय ते रस्त्यावर येता कामा नये. एप्रिल २०२२ मध्ये पंजाब पोलिसांनी मोटारसायकलला हातगाडी जोडून केलेल्या रेहड्यांविरुद्ध मोहीम काढली, आरडाओरडा झाला, आणि सरकारने लगेच माघार घेतली. म्हणजे गाड्या बेकायदा त्या बेकायदाच राहिल्या, फक्त आज पकडायच्या नाहीत असं ठरलं. एका बाजूचे लोक म्हणतात, हे यमदूत आहेत, तोडून टाका. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जुगाड ही तर आपली प्रतिभा, तिचा गौरव करा. मला दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात. तोडून टाकणाऱ्याला त्या गाडीवर पोट असलेली माणसं दिसत नाहीत आणि गौरव करणाऱ्याला ब्रेक दिसत नाही. माझं म्हणणं असं, की बेकायदा ठेवलेली वस्तू सुधारत नाही, आणि ती धडपणे बंदही पडत नाही. पेटरांची गोष्ट त्यासाठीच नीट सांगायला हवी.

योव्हिल हे तेव्हा हातमोज्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. जेम्स पेटर यांचं तिथे लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानाला जोडून त्यांनी एक ओतशाळा घेतली. धंदा कसला, तर शेतीची अवजारं आणि शेगडीच्या जाळ्या. त्यांची 'नॉटिलस' नावाची शेगडी इतकी गाजली, की राणी व्हिक्टोरियाने आपल्या बालमोरल आणि ऑस्बोर्न इथल्या घरांसाठी ती पसंत केली. जेम्सरावांना पंधरा मुलं. त्यांतले अर्नेस्ट आणि पर्सिव्हल हे जुळे, जन्म १८७३ चा. विशीतच पर्सिव्हल ओतशाळा बघायला लागला. बेन जेकब्स नावाचा तिथला अनुभवी कारागीर त्याच्या जोडीला होता, आणि या दोघांनी मिळून एक छोटं तेलाचं इंजिन बनवलं. मालकाचा मुलगा आणि कारखान्यातला जुना मिस्त्री अशी ही जोडी आहे. आपल्याकडे कोल्हापूर, बेळगाव, राजकोट कुठेही जा, चांगल्या यंत्राच्या मुळाशी बहुतेक वेळा अशीच जोडी सापडते, आणि पाटीवर बहुतेक वेळा एकाचंच नाव असतं.

१८९५ साली त्यांनी हे इंजिन बग्गीवर चढवलं. बग्गी चार चाकी फेटन, गावातल्याच हिल अँड बॉल या गाडीवाल्यांच्या कारखान्यात त्यासाठी बदलून घेतलेली. इंजिन तीन अश्वशक्तीचं, आडवं. चक्र आणि सांगाडा धरून त्याचं वजन १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. सगळी गाडी साडेचारशे किलोंच्या आसपास. वेग ताशी १२ मैल. ब्रिटनमधली ही पहिली मोटार, असं योव्हिलकर अभिमानाने सांगतात. असाच दावा इतर चार-पाच गावंही करतात, आणि 'पहिली' म्हणजे नेमकं काय यावर हे भांडण कधी मिटणार नाही. आपल्यालाही 'पहिलं आम्हीच केलं' हे सांगायची भारी हौस आहे, त्यामुळे या भांडणात मी पडत नाही. पहिली कुणाची यापेक्षा दुसरी, तिसरी आणि बारावी गाडी कुणी आणि कशी बनवली, याने मला जास्त कळतं.

त्या वेळचा इंग्रजी कायदा बघा. यंत्राने चालणारी कुठलीही गाडी म्हणजे वाफेचं धूड, असं धरून नियम केलेले. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि गाडीपुढे एक माणूस पायी चालत गेला पाहिजे. ताशी १२ मैल पळणारी पेटरांची बग्गी योव्हिलच्या रस्त्यावर आली की त्या क्षणी बेकायदा ठरत होती. तीही जुगाडच होती, तिथल्या भाषेत आणि तिथल्या कायद्यात.

मग नोव्हेंबर १८९६ मध्ये नवा कायदा आला. हलक्या गाड्यांपुढचा पायी चालणारा माणूस गेला. वेगाची मर्यादा ताशी १४ मैल झाली, ती नियमाने १२ वर आणली गेली, म्हणजे पेटरांच्या बग्गीच्या मापाचीच. त्या कायद्यात सवलतीबरोबर मागणीही होती. रात्री दिवा हवा, वाटसरूंना सावध करायला घंटा किंवा तसलं काही हवं. पुढे १९०३ च्या कायद्याने नंबराची पाटी आणि चालकाचा परवाना आणला आणि वेग २० मैलांवर नेला. चालकाची परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ उजाडलं. जुन्या गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आज आपण पहिल्या दिवशी जेवढं मागतो, तेवढं मागायला ब्रिटनने साठ-पासष्ट वर्षं घेतली. एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर गाडी रस्त्यावर ठेवून.

यावर रास्त उत्तर असं, की त्या साठ वर्षांत माणसं मेली. खरंच मेली. ऑगस्ट १८९६ मध्ये, नवा कायदा येण्याच्या तीन महिने आधी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या मोटारीखाली गेली. मोटारीखाली मेलेली ब्रिटनमधली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. चालकाचं म्हणणं, मी फार तर चार मैलांनी चालवत होतो. तेव्हा माझा मुद्दा असा नाही, की आपणही साठ वर्षं माणसं मरू द्यावीत. एकशे तीस वर्षांनी ब्रेक कसा असावा हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आपल्याला तो नव्याने शोधायचा नाही. मुद्दा एवढाच, की बंदी असतानाही रेहड्याखाली माणसं मरतातच, फक्त मेलेल्याच्या घरच्यांना विमा मिळत नाही, कारण विमा नसतोच.

पेटरांनी गाड्या बनवायला वेगळी कंपनी काढली. एकंदर बारा गाड्या बनल्या, आणि धंदा बुडीत निघाला. इथे गोष्ट सांगणारे सहसा हळहळतात. मला तसं वाटत नाही. फ्रान्स आणि जर्मनीतली इंजिनं हलकी आणि चपळ होती, पेटरांचं तेलाचं इंजिन शेतकऱ्याच्या बैलासारखं, ओझं ओढेल पण पळणार नाही. हे त्यांना कळलं ते गाडी उघड्यावर आणली, विकायला ठेवली, लोकांनी घेतली नाही म्हणून. कायद्याच्या सावलीत चोरून चार गाड्या बनवत राहिले असते, तर तीस वर्षं तशीच बग्गी बनवत राहिले असते आणि तिला प्रतिभा म्हणवून घेतलं असतं. बाजारात सरळ हरायला मिळणं हीसुद्धा एक सोय आहे. ती आपल्या रेहडेवाल्याला नाही. त्याच्याशी स्पर्धा करायला कुणी कायदेशीर कंपनी उतरत नाही, कारण त्या किमतीत कायदेशीर गाडी बसत नाही. आणि त्याची गाडी सुधारायला कुणी पैसे घालत नाही, कारण उद्या ती जप्त होईल.

गाडीतून बाहेर पडलेले पेटर बंधू इंजिनाकडे वळले. नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी वडिलांकडून धंदा विकत घेतला. इंजिनाला नाव दिलं 'हँडीमन', म्हणजे आपल्या भाषेत हरकाम्या. पाणी उपसायला लावा, कडबा कापायला लावा, करवत चालवायला लावा. १९१० साली पेटर्स लिमिटेड झाली. १९१२ च्या सुमारास पाचशे माणसं कामाला होती आणि वर्षाला दीड हजार इंजिनं बाहेर पडत होती.

ही असली इंजिनं चालू करणं म्हणजे एक विधीच असे. डोक्याकडचा लोखंडी गोळा स्टोव्हसारख्या भडकत्या दिव्याने दहा-पंधरा मिनिटं तापवायचा. तो गुंजेसारखा लाल व्हायला आला की भलंमोठं चक्र हाताने झुलवायचं, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि बरोबर क्षणी सोडायचं. नाही जमलं तर चक्र उलटं फिरून मनगट मोडायचं. पुढे डिझेल आलं तेव्हा दिवा गेला आणि हँडल आलं. विहिरीवर इंजिनाचं हँडल मारणं हा माझ्या मामाच्या गावात वयात आल्याचा पुरावा होता. डोक्यावरची खुंटी वर करून दाब सोडायचा, दोन्ही हातांनी हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खुंटी खाली. पहिला पुक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा, आणि मग काळा धूर सोडून ते लागायचं. हँडल वेळेत काढलं नाही तर दात जायचे. गावात असे दोन-तीन जण होतेच.

त्या इंजिनाचं आपल्याकडे काय झालं ते बघा, म्हणजे माझा मुद्दा जास्त सरळ दिसेल. इंजिन विहिरीवर होतं तेव्हा ते पूर्ण कायदेशीर होतं. त्याला आरटीओ नव्हती. मोटेच्या जागी इंजिन घ्यायला भूविकास बँक कर्ज देत होती. कर्जासाठी कोटेशन लागे, कोटेशनसाठी कंपनी लागे, पुढे आयएसआयचा शिक्का लागे. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, ते मोठं नाव. पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडमध्येही इंजिनं ओतली, कातली आणि जोडली जात होती. विहिरीवर पाणी, गुऱ्हाळावर उसाचा घाणा, दोन्हीला गिऱ्हाईक दारात. ज्यांनी आधी नकला केल्या त्यांनी नंतर ओतकाम सुधारलं, मापं पक्की केली, सुटे भाग एकमेकांना बसायला लागले. वीज आली आणि ऑइल इंजिन मागे पडलं, तेव्हा ते हात रिकामे राहिले नाहीत. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग ओतून देतात. राजकोटची कथाही याच वळणाची.

म्हणजे तेच इंजिन, तशाच हातांचं. विहिरीवर, कायद्याच्या आत, त्याच्यापासून फौंड्र्यांचं अख्खं शहर तयार झालं. रस्त्यावर, कायद्याच्या बाहेर, त्याच्यापासून लाकडी ठोकळ्याचा ब्रेक तयार झाला. फरक कारागिराच्या अकलेत नव्हता.

पेटरांचा भारताशी असलेला धागा एवढ्यावर तुटत नाही, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९१५ साली महायुद्धात पेटर बंधूंनी आपला कारखाना सरकारला देऊ केला, आणि विमानं बनवाल का अशी विचारणा झाली. विमान त्यांनी आयुष्यात बनवलेलं नव्हतं. गावाबाहेर वेस्टलँड नावाचं शेत होतं, तिथे शेड उभी केली आणि कामाला लागले. त्या शेताच्या नावाने वेस्टलँड कंपनी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन सुरू झाली ती वेस्टलँडच्या चार वापिटी विमानांवर. त्यानंतर दोनच दिवसांनी बिहारातल्या पूर्णियाजवळून उडून दोन विमानं पहिल्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली, तीही वेस्टलँडचीच. अर्नेस्टचा मुलगा टेडी पेटर विमानांचा आराखडाकार झाला. त्याने मांडलेलं कॅनबेरा बॉम्बफेकी विमान आपल्या हवाई दलाने वर्षानुवर्षं वापरलं, पुण्याच्या लोहगावला त्यांचा तळ होता. आणि त्याचंच नॅट: छोटं, हलकं, साधं लढाऊ विमान. त्याच्या स्वतःच्या देशाच्या हवाई दलाने ते लढाऊ विमान म्हणून घेतलं नाही, भारताने घेतलं आणि बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनवलं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडल्यावर त्याला 'सेबर स्लेयर' म्हणू लागले. १९७१ मध्ये श्रीनगरवर एकट्याने लढून परमवीर चक्र मिळवणारे निर्मलजितसिंग सेखों नॅटमध्येच होते. लुधियाना जिल्ह्यातले. त्यांच्याच पंजाबात खाली रस्त्यावर पीटर रेहडा चालत होता आणि वर आकाशात पेटरचं नॅट. दोन्हींमागे एकच घराणं, याची कल्पना दोघांनाही असण्याचं कारण नव्हतं.

आता आपल्या घरात येऊ. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवली होती. एक नव्हे, वर्षानुवर्षं खपून एकामागून एक नमुने बनवले. परवान्यांचा तो काळ, आणि कारखाना काही उभा राहिला नाही. मीरा चांगली होती की वाईट, हे मला सांगता येणार नाही आणि कुणालाच सांगता येणार नाही, कारण ती पेटरांच्या बारा गाड्यांइतकीसुद्धा बाजारात उतरली नाही. तिला हरायलाही मिळालं नाही.

परवाना-राज गेलं म्हणून हे संपलं म्हणावं, तर चार-पाच वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातले भाग जमवून, किक मारून चालू होणारी चार चाकी गाडी साठेक हजारांत बनवली. व्हिडिओ देशभर फिरला. एका मोठ्या वाहन उद्योगपतीने कौतुक केलं आणि म्हटलं, ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तुम्हाला थांबवतील, तेव्हा ती मला द्या, मी तुम्हाला कंपनीची नवी गाडी देतो. पुढे तशी अदलाबदल झालीही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उद्योगपतीच्या मनाचा मोठेपणा मला मान्य आहे. पण घडलं काय ते बघा: गाडी बनवणारा माणूस गाडी वापरणारा झाला. सगळ्या देशाने टाळ्या वाजवून एका उत्पादकाचं गिऱ्हाईक करून टाकलं, आणि त्याची दुसरी गाडी कुठे, असं कुणी विचारलं नाही.

सुधारणा होत नाही, असं मात्र नाही. गुजरातेत छकडा नावाचा तीन चाकी प्रकार होता, पुढे बुलेटचं धूड आणि मागे ट्रॉली. राजकोटच्या अतुल ऑटोने तिथून सुरुवात करून रीतसर मान्यता असलेल्या रिक्षा बनवायला घेतल्या, आज ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. ई-रिक्षाचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. आधी त्या कुठल्याच नियमात नव्हत्या, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, आणि २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायदाच बदलून त्यांना जागा करून दिली. वेग ताशी २५ किलोमीटर, ताकदीला मर्यादा, नोंदणी, परवाना. त्यानंतर त्यांना कर्ज मिळायला लागलं, विमा मिळायला लागला, आणि मोठ्या कंपन्या त्या बाजारात उतरल्या. अजूनही विनानोंदणीच्या ई-रिक्षा ढिगाने आहेत आणि चौकात त्या कशा वळतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण २०१३ ची ई-रिक्षा आणि आजची ई-रिक्षा शेजारी उभी करा. तेवढ्याच काळात पीटर रेहडा कुठे गेला?

आपल्याकडची अडचण तपासणीच्या पद्धतीत आहे. नव्या वाहनाचा नमुना मान्य करून घ्यायला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे जावं लागतं. ती संस्था उत्तम आहे, पण ती पद्धत हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली. वर्षाला वीस गाड्या बनवणाऱ्या मिस्त्रीला तिच्या दारात जायचंही सुचत नाही. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या किंवा मोजक्याच बनवलेल्या गाड्यांना एकेक करून तपासण्याची वेगळी सोय आहे. एक गाडी, एक तपासणी, एक दाखला. आपल्याकडे शेतमाल वाहणाऱ्या, हळू चालणाऱ्या, ठरावीक वजनाच्या गाड्यांसाठी असा वेगळा वर्ग करायला काय हरकत आहे? राष्ट्रीय महामार्गावर बंदी, प्रवासी बसवायला बंदी, वेग ई-रिक्षाइतकाच. सुरुवातीला प्रवासी नकोतच, याबाबत मी तडजोड करणार नाही. तरनतारनच्या त्या भाऱ्यांवर बसलेली माणसं मला अजून दिसतात. कुणी म्हणेल, मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपगाड्या, त्याही कायदेशीर करा. वडापची गाडी कारखान्यातून मान्यता घेऊन आलेली असते, तिथे चुकतं ते माणसं कोंबण्यात आणि एसटी वेळेवर न येण्यात. तो प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तरही वेगळं.

तपासणी तालुक्याच्या आयटीआयच्या पटांगणात होऊ शकते. तिथे मोटार मेकॅनिकचे निदेशक असतात, मुलं असतात, आणि आरटीओचा निरीक्षक महिन्यातून एक दिवस येऊ शकतो. यादी फार लांब करू नये. भरल्या वजनात, ताशी २५ वर, ठरलेल्या अंतरात गाडी थांबते का. स्टिअरिंगला खेळ किती. पट्ट्यावर जाळी आहे का. मागे दिवा आहे का. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्यांच्या घरी जाऊन विचारा. पंपाच्या इंजिनाला डायनामो नसतो, कारण विहिरीला दिवा लागत नाही. तो बसवायला गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला एक दुपार पुरते. आजवर तो बसवला नाही, कारण बसवला तरी गाडीचं पासिंग कुणी करणार नव्हतं.